काहीच धोका नसलेला देश

आमच्या खोलीतल्या टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे असतात. एक चारपानी, एक एकपानी. चारपानी कागद धोक्याच्या देशात जाणाऱ्यांसाठी. डास चावले तर काय, कुत्रं चावलं तर काय, कुठलं पाणी प्यायचं, कुठल्या नदीत पाय घालायचा नाही, सगळं बैजवार लिहिलेलं. एकपानी कागद कमी धोक्याच्या देशांसाठी. त्यात सांगण्यासारखं फारसं नसतं, म्हणून तो एका पानात मावतो. त्याची मागची बाजू कोरी असते, म्हणून मी तिच्यावर बाजाराची यादी लिहायची. आता लिहीत नाही.

मी साताऱ्यात एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. परदेशी जाणाऱ्यांना लस टोचायची आणि सल्ला द्यायची खोली माझ्याकडं. साताऱ्यातून एवढं कोण परदेशी जातंय, असं पुण्याची माणसं मला तोंड वाकडं करून विचारतात. या की एकदा बघायला. रिटायर सुभेदार येतात, त्यांची लेक कॅनडात असते. एमआयडीसीतले इंजिनियर येतात, त्यांना कंपनी जर्मनीला धाडते. पिवळ्या तापाची लस आमच्याकडं नसते, तसल्या देशात जाणाऱ्याला आम्ही पुण्या-मुंबईची वाट दाखवतो. आणि सगळ्यांत जास्त येतात त्या आया. लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण करायला निघालेल्या. पर्स नवी, चप्पल जुनी, आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेला.

त्यांना मी एकपानी कागद देते आणि कंडक्टर थांबे सांगतो तसा एका दमात वाचून दाखवते. नेहमीच्या लसी झाल्यात का बघा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा. विमा उतरवा. विमानात पाणी पीत राहा आणि अधूनमधून उठून चाला. झालं. पुढचा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण ज्यानं कुणी केली, त्यानं माझ्यासारखी एखादी नर्स पाहिली असणार.

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. घर मेंढरांचं. वडील होते तोवर आई दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरांमागं घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या आधी परत यायची. घोड्यावर बिऱ्हाड, आई पायी. मी आणि माझा धाकटा भाऊ मामाकडं राहून शिकलो. वडील गेल्यावर मेंढरं विकली, रानात डाळिंब लावलं. मी नर्स झाले, भाऊ कॉम्प्युटर शिकून न्यूझीलंडला गेला. आई गावातच राहिली. तिला बोलवायचं तर तिनं आटपाडीहून यष्टीनं यायचं, दोन दिवस राहायचं आणि तिसऱ्या दिवशी रानाची आठवण काढून निघायचं, असा आमचा रिवाज होता.

आता तिच्या प्रवासाची रीत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. उद्या प्रवास असला की आज दिवस मावळला की तिचं पाणी बंद. सकाळी चहासुद्धा घोटभर, तोही कुणी फार आग्रह केला तर. यष्टी वाटेत दोन ठिकाणी थांबते. पुरुष उतरतात आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. बायका खिडकीतनं दुसरीकडं बघत बसतात. स्टँडवर बायकांची सोय असते, म्हणजे पाटी असते. आत पाऊल टाकायची सोय नसते, नाहीतर कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आमच्याकडच्या बायकांनी यावर आपला उपाय काढलेला आहे. प्यायचंच नाही. म्हणजे उठायचं काम नाही.

आईला त्याची लाज नव्हती, उलट ऐट होती. साताऱ्याला माझ्या दारात आली की पायातली वहाण काढायच्या आधी सांगायची, "आटपाडीपास्नं एका जाग्यावर बसून आले बघ." फौजेतल्या माणसानं छातीवरचं मेडल दाखवावं तसं. मग आत जायची, आणि बाहेर आल्यावर तांब्याभर पाणी उभ्यानं घटाघटा प्यायची. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पाहिलेलं काय, मला तिनं तेच शिकवलेलं. मी वयात आल्यावर पहिल्यांदा यष्टीनं निघाले तेव्हा तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला होता. आणि नर्स होऊन इतकी वर्षं झाली तरी मीही ड्युटीवर पाणी पीत नाही. का, ते सांगते.

आमच्या खोलीशेजारी बायकांचं संडास आहे. लसी ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येतात ती रिकामी खोकी ठेवायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी ती तात्पुरती त्यात ठेवली. तात्पुरती ठेवलेली वस्तू आपल्याकडं कशी हलते ते तुम्हाला माहीत आहे. पुढं तिथं छतापर्यंत खोकीच खोकी झाली. आम्ही नर्सा पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जायचो, तेही जेवणाच्या सुट्टीत. पेशंट बायका कुठं जायच्या, हे मी कधी विचारलं नाही. कुणी तक्रार केली नाही म्हणजे अडचण नाही, असा आमचा हिशेब.

तर भावाचा फोन आला. बायकोला दिवस गेलेत, आईला पाठव. मला आनंद झाला, खोटं का बोलू. आई तर दोन दिवस गावभर सांगत फिरली. मग महिना गेला आणि भावजयीनं यादी पाठवली. डांग्या खोकल्याची लस बाळाजवळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. फ्लूची लस. गोवराचं काय झालंय ते कळवा. लोकर, तूप, बियाणं, घरची चटणी काही आणायचं नाही, तिथं विमानतळावर अडवतात. आईनं नातवासाठी घोंगडीचा बारका तुकडा विणून घेतला होता, तो राहिला. आणि शेवटी एक ओळ, लस घेतल्याशिवाय आईंना बाळाला हात लावता येणार नाही.

ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं. माझा हाच भाऊ दीड वर्षाचा असताना त्याला डांग्या खोकला झाला होता. खोकता खोकता निळा पडायचा. आई कोकणातनं त्याला पाठीशी बांधून घाट चढून आली, दोन दिवस, आणि सरकारी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिली. त्या आईनं आता त्याच्या पोराला शिवायच्या आधी सर्टिफिकेट दाखवायचं. मी भावाला फोन करून हे ऐकवलं. तो म्हणाला, अक्का, डॉक्टर सांगतात ते सांगितलं, तू नर्स असून असं काय बोलतेस. खरंच बोलत होता. त्या यादीतली एकूण एक गोष्ट बरोबर होती, मी दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण आपला राग खरा असतो आणि समोरच्याचं म्हणणंही बरोबर असतं, तेव्हा माणूस फार वाईट वागतं. मी वागले.

आईला मात्र काहीच वाटलं नाही. तिनं उलट मलाच गप्प केलं. पावसाच्या आधी मेंढरांना टोचतोच की, म्हणाली, मग माणसाला टोचलं तर काय झिजतंय. दंड पुढं करून बसली. दोन्ही सुया मीच टोचल्या. तिची कातडी उन्हानं रापून अशी झाली होती की सुई जाताना हाताला कळायचं.

त्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. आधीचे आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी, रक्ताची गुठळी कधी झाली होती का, पायाच्या शिरा फुगल्यात का, असले प्रश्न. पेशंटला विचारून भरायचा असतो. मी माझ्या आईला काय विचारायचं. बाहेर रांग होती, डोक्यात भावजयीची ती ओळ होती, आणि देश कमी धोक्याचा. सरळ रेघ मारावी तशी खालपर्यंत नाही, नाही, नाही लिहून मोकळी झाले.

आईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या, करंगळीएवढ्या जाड. लहानपणी मी त्यांना तेल लावायची. त्या शिरांवर बोट फिरवत कोकणची वाट दाखव म्हणायची, आणि ती सांगायची, हा घाट, ही नदी. माझ्या बोटांना त्या शिरा पाठ होत्या. आणि मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, चष्म्यावरून आईकडं पाहिलं आणि म्हणाले, न्यूझीलंड होय, तिथं कशाचाच धोका नाही, मजा करा आजी. त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढं जो कागद गेला तो माझ्या हातचा होता. त्यावर हो असतं तर त्यांनी घट्ट मोजे लिहून दिले असते, पायाचे व्यायाम सांगितले असते, जागेवरून उठायला दटावलं असतं. पेशंटला ते दटावतात, मी ऐकलंय.

आई सकाळी नऊला येऊन बाकावर बसली होती ती दुपारी एकपर्यंत. चहा आणू का म्हटलं तर नको म्हणाली. पाणी नको म्हणाली. मी आग्रह केला नाही. निघताना मी तिच्या हातात तो एकपानी कागद दिला. गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि दिला, आणि रोजच्यासारखा वाचूनही दाखवला नाही. आईला काय वाचून दाखवायचं.

मग व्हीलचेअर. ही अक्कल भावाची, आणि मी त्याला शाबासकी दिलेली, म्हणून दोघांची. आपल्याकडचे सगळेच करतात. आईबापाला इंग्रजी येत नाही, मधे विमान बदलायचं असतं, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवायची. ढकलणारा माणूस थेट एका दारातून दुसऱ्या दारात नेऊन सोडतो, हरवायची भीती नाही. पाय धडधाकट असले तरी खुर्चीत बसायचं. आणि भावानं तिला खिडकीची जागा घेतली, ढग बघायला मिळावेत म्हणून.

मुंबईच्या विमानतळावर दारात ती खुर्ची आली. आई बसेना. लाजली. म्हणाली, "मी काय पांगळी हाय व्हय? लोकं बघत्याली." घाटातनं मेंढरांमागं आयुष्यभर चाललेली बाई. मी तिला खांदा दाबून बसवलं आणि म्हटलं, इंग्रजी येतं का तुला, मग बस गुमान. ती बसली. मांडीवर पर्स, पायात मी घेतलेले नवे बूट. मी म्हटलं, आये, पानी पी बरं का, आणि उठून चालत जा. ती म्हणाली, व्हय व्हय.

हे व्हय व्हय मी जन्मभर ऐकत आले होते. समोरचा सांगायचा थांबावा म्हणून म्हटलेलं ते व्हय व्हय. त्याचा अर्थ ‘नाही’ असा. मला तो माहीत होता, आणि ढकलणाऱ्यानं खुर्ची आत नेली.

दुसऱ्या दिवशी ती पोचली. त्याच्या पुढच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मी ड्युटीवर होते, बाहेर चार जण बसलेले. आईनं आधी बाळ दाखवलं. तीन आठवड्यांचं, लालभडक, झोपलेलं. मांडीवर असं घेतलं होतं की जसं काही कुणी काढून नेईल. मग तिकडच्या मेंढरांचं सांगितलं, गाडीतनं येताना दिसली म्हणाली, लय मेंढरं, पर मागं मानूसच न्हाई. तिला ते पटलं नव्हतं. आणि मग अगदी सहज, फुशारकीनं, मान उंच करून ती म्हणाली, "ममईपास्नं एकदाबी उठले न्हाई बघ. शेजारची दोघं लय झोपाळू. कशाला उठवायचं."

मी हसले. देवाशपथ सांगते, हसले. मला साताऱ्याच्या दारातली, वहाण काढायच्या आधी मेडल दाखवणारी आई दिसली.

मग ती म्हणाली, डावा पाय तेवढा जड झालाय. मी म्हटलं, प्रवासाचा शीण, उशी घेऊन पाय वर करून झोप. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, आणि मी फोन ठेवला.

दोन्ही पाय सुजले तर प्रवास, एकच सुजला तर डॉक्टर. हे मी नव्या पोरींना शिकवते. ट्रेनिंगला आलेल्या पोरी वहीत लिहून घेतात. आईनं डावा पाय म्हटलं, मी पाय ऐकलं.

तिनं तिथं कुणाला पायाचं सांगितलं नाही. बाळंतिणीच्या घरात आपलं दुखणं कुठं काढायचं. सहा दिवस तिनं बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिला, मन भरून मांडीवर घेतलं. लसीनं तिचं काम चोख केलं, बाळ एकदाही खोकलं नाही. सातव्या दिवशी बाळाला निजवून ती स्वयंपाकघरात गेली आणि खाली बसली. पुन्हा उठली नाही. फार चांगला देश आहे तो, अँब्युलन्स काही मिनिटांत दारात आली. त्यांनी करायचं ते सगळं केलं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती.

भावाचा फोन इकडं सकाळी अकराला आला. माझ्या हातात सिरिंज होती आणि समोर एका इंजिनियरचा दंड. मी ती लस टोचली, कापूस दाबला, आणि मग फोन घेतला. तो बराच वेळ रडत होता. मग म्हणाला, "अक्का, तू नर्स हायस ना गं?"

मी त्याला जवळ घ्यायला पाहिजे होतं, तेवढ्या लांबून जसं घेता येतं तसं. मी म्हणाले, "आणि चालत्या बाईला खुर्चीत कुणी बसवलं?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर चार महिने आम्ही बोललो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, पण मी दात लावले ते रक्त निघेपर्यंत. त्याला लागेल तेच शोधून बोलले.

तुम्ही म्हणाल, नुसतं पाणी न प्याल्यानं माणूस मरतं का. नाही मरत. मला ते कळतं, मी त्यातलीच आहे. वय होतं, शिरा होत्या, खुर्ची होती. पण उठायला लागू नये म्हणून ती प्याली नाही, आणि प्याली नाही म्हणून उठली नाही. खुर्चीतनं विमानात, विमानातनं खुर्चीत, पुन्हा विमानात. आयुष्यात पहिल्यांदा ती इतका वेळ बसून राहिली, आणि तिचे पाय त्याला तयार नव्हते.

अंत्यसंस्कार तिकडंच झाले. मी मोबाइलवर पाहिले. चार महिन्यांनी भाऊ अस्थी घेऊन आला. कऱ्हाडला संगमावर आम्ही त्या सोडल्या, कामाचं तेवढं बोलत. संध्याकाळी साताऱ्याला घरी आल्यावर त्यानं आईची पर्स माझ्यापुढं ठेवली. तिनं ठेवलं तसंच सगळं आहे, म्हणाला, मी काही हलवलं नाही.

मी पर्स उघडली. रुमाल, तंबाखूची रिकामी डबी, पासपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी. खाली प्लॅस्टिकचे तीन बारके पेले, वर चंदेरी झाकण चिकटवलेलं, तसं न फोडलेलं. विमानात पाणी देतात ते. भावानं सांगितलं, पोचल्यावर आईनं ते सुनेला दाखवले होते. ती विमानातली पोरगी दर खेपेला आणून द्यायची, नको म्हटलं तर बिचारीला वाईट वाटेल, म्हणून घेतले आणि ठेवले. भावजय म्हणाली टाका आता. आई म्हणाली, पाणी कुणी टाकतं का, गावी नेईन. आमच्याकडं भरलेलं भांडं कुणी ओतून देत नाही. दुष्काळात ज्यानं डोक्यावरून पाणी आणलंय त्याचा हातच वळत नाही. टँकर गेले, कालवा आला, तरी तो हात तसाच राहिला.

पेल्यांच्या खाली चौघडी केलेला कागद होता. कमी धोक्याच्या देशांचा. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात, कोथिंबीर, कपड्याचा साबण, गॅसवाल्याला फोन. आईला अक्षर लावून लावून वाचता यायचं. तिनं तो कागद मी दिलाय म्हणून जपून नेला होता, आणि मी तिला बाजाराची यादी दिली होती.

मी रडले, आणि मग भावाला म्हणाले, मी तुला बोलले ते चुकले. तो म्हणाला, खोटं तर बोलली नाहीस. मीबी खोटं बोललो नव्हतो. एवढंच. आम्ही आता बोलतो, सणावाराला फोन होतो, त्याचं पोर मला आत्या म्हणतं. पण आईचा विषय निघाला की दोघंही व्हय व्हय म्हणतो.

दोन पेले भाऊ घेऊन गेला. एक माझ्या टेबलावर आहे, गठ्ठ्यांच्या शेजारी. झाकणावरची तारीख कधीच उलटून गेली.

मी आता सल्ला वाचून दाखवत नाही. विचारते. परकर पोटरीच्या वर करायला लावते, शिरा बघते, बायका लाजतात, मी ऐकत नाही. चालता येत असेल तर व्हीलचेअर कशाला, म्हणून लेकांशी फोनवर भांडते. डॉक्टरांच्या कानावर तक्रारी गेल्यात. बैल गेला आणि झोपा केला, मला कळतं. पण मला दुसरं काही सुचत नाही.

तरीही एक गोष्ट मी विचारत नव्हते, ती मागच्या महिन्यात एका बाईनं मला शिकवली. कोयनानगरहून आली होती, साठी उलटलेली, लेकीकडं आयर्लंडला निघाली होती. घाटाची वळणं खात सकाळच्या गाडीनं आलेली. लस झाली, शिरा बघून झाल्या. मी म्हटलं, मावशी, विमानात पाणी प्यायचं. ती म्हणाली, व्हय व्हय.

मला ते लागलं. मी विचारलं, आज सकाळपासून किती प्यालात. ती म्हणाली, आज कुठलं, आज गाडीनं यायचं हुतं न्हवं का. मी उठून ग्लास भरला आणि तिच्यापुढं ठेवला. पिऊन दाखवा, म्हटलं, माझ्यासमोर. तिनं ग्लास हातात घेतला, ओठाशी नेला, आणि परत खाली ठेवला. मग इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाली,

"बाई, आधी हे सांगा, तुमच्यात बायकांनी जायचं कुठं?"

माझ्या आईनं त्या बाकावर चार तास काढले होते. तिला हे विचारायचं असणार, आणि लेकीच्या नोकरीच्या जागी, लेकीला कमीपणा नको म्हणून, तिनं विचारलं नव्हतं. आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर, भिंतीपलीकडं खोकी भरलेली आहेत हे ठाऊक असून, तिला पाणी हवं का म्हणून विचारत होते.

मी मावशीला बसायला सांगितलं आणि बाहेर गेले. शेजारचं दार उघडलं. छतापर्यंत पांढरी खोकी. एक ओढलं तर चार अंगावर आली. मी ती दोन्ही हातांनी उचलून व्हरांड्यात फेकायला लागले. लोक उठून उभे राहिले. वॉचमन धावत आला, सिस्टर, असं करू नका म्हणाला. मी थांबले नाही. डॉक्टर बाहेर आले, ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की हे काय चाललंय.

"बायकांना मुतायला जागा करतेय," मी म्हणाले.

सगळं निघाल्यावर मी बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली, आणि मावशीला हाक मारली. ती आत जाऊन आली. मग माझ्यासमोर बाकावर बसून तिनं तो ग्लास संपवला, आणि दुसरा मागितला.